बाखचं मोटेट हलकं कसं गावं: पंधरा गळ्यांच्या कॉयरसाठी

जर्मन संगीतकार योहान सेबास्टिअन बाखच्या 'येझु, माइनऽ फ्रॉयदऽ' या मोटेटची (म्हणजे धार्मिक शब्दांवरच्या अनेक आवाजांच्या गायनरचनेची) पहिली ओळ फक्त सहा सुरांची आहे. सा धरून म्हटली तर ती प प म ग रे सा अशी सरळ उतरते, ग कोमल. पहिले चार सूर एकेका मात्रेचे, शेवटचे दोन दोन-दोन मात्रांचे. या शेवटच्या दोन सुरांवर 'फ्रॉय-दऽ' हा शब्द येतो, अर्थ 'आनंद'. बहुतेक कॉयर इथे एकच चूक करतात. 'दऽ' सा वर पडतो, सा म्हणजे घर, म्हणून सगळे त्यावर येऊन धपकन बसतात. जर्मन माणूस मात्र हा शब्द बोलताना सगळा जोर 'फ्रॉय'वर देतो आणि 'दऽ' नुसता सोडून देतो, जसा आपण उसासा सोडतो. कागदावर दोन्ही सूर सारख्या लांबीचे आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. बरोक काळातलं, म्हणजे बाखच्या काळातलं, भक्तिसंगीत हलकं गाणं म्हणजे काय, ते या दोन अक्षरांत आहे. पुढचा सगळा लेख ते पंधरा जणांच्या गळ्यात कसं उतरवायचं याबद्दल आहे.

हलकं म्हणजे हळू नव्हे, हे मी चुकून शिकलो. पहिल्यांदा हे मोटेट बसवताना मी सगळ्यांना सारखं सांगत होतो, "दाबू नका, हलकं गा." त्यांनी आवाज कमी केला. आवाजाबरोबर पोटातला श्वासाचा आधारही गेला. पहिला भाग, म्हणजे कोराल (चर्चचं भजन), संपला तेव्हा मी कीबोर्डवर शेवटचा सूर वाजवून पाहिला, तर आम्ही जवळजवळ अर्धा सूर खाली घसरलो होतो. गाणं मिळमिळीत झालं होतं आणि बेसूरही. तेव्हापासून तालमीत मी 'हलकं' हा शब्द वापरत नाही. "जोर कुठे आणि सोड कुठे" एवढंच बोलतो. प्रत्येक शब्दाला एक उंच जागा असते, तिथे पूर्ण आवाज लावा. बाकीच्या अक्षरांना ती जागा देऊ नका. श्वासाचा आधार मात्र दोन्हीकडे तेवढाच.

हे संगीत जड कसं झालं, तेही थोडक्यात सांगतो, कारण जुन्या रेकॉर्ड ऐकून आपल्या कानात तोच आवाज भरलेला असतो. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत बाखचा समकालीन संगीतकार हँडेल याच्या स्मरणार्थ महोत्सव झाला, त्यात पाचशेहून जास्त गायक-वादक होते. १८२९ मध्ये संगीतकार मेंडेल्सनने बर्लिनमध्ये बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा सादर केलं, तेव्हा कॉयर सुमारे दीडशेचा होता. १८५९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेलसाठी अडीच हजारांहून जास्त लोक एकत्र गायले. एवढा जमाव गाताना अक्षरांतला सूक्ष्म फरक टिकत नाही, उरतो फक्त आवाजाचा डोंगर. विसाव्या शतकात काही संगीतकार मूळ वाद्यांकडे आणि मूळ ग्रंथांकडे परत वळले. निकोलाउस हार्नोनकोर्टने १९५३ मध्ये व्हिएन्नात आपला वाद्यवृंद उभा केला. पुढे त्याने आणि गुस्ताफ लेओनहार्टने मिळून बाखच्या धार्मिक कंतातांचं (गायक आणि वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनांचं) संपूर्ण ध्वनिमुद्रण केलं. आज ज्याला आपण 'हलकी शैली' म्हणतो, ती मोठ्या प्रमाणात त्या कामातून आलेली आहे.

माणसं किती हवीत

बाख लाइपझिग शहरात चर्चसंगीत सांभाळत होता. २३ ऑगस्ट १७३० ला त्याने तिथल्या नगरपरिषदेला एक लेखी निवेदन दिलं. चांगल्या चर्चसंगीतासाठी प्रत्येक कॉयरमध्ये किमान १२ गायक असावेत, आवाजागणिक तीन. १६ असतील तर उत्तम, असं त्यात आहे. तीन का, याचं कारणही त्याने दिलं आहे: एखादा आजारी पडला तरी निदान दोन कॉयरचं मोटेट गाता यावं. कॉयर चालवणाऱ्या कुणालाही हे वाचून आपलंच दुखणं वाटेल. १९८१ मध्ये जोशुआ रिफकिन या अमेरिकन अभ्यासकाने याहून पुढचा मुद्दा मांडला. बाखच्या कंताता बहुधा आवाजागणिक एकाच गायकाने गायल्या जात, बारा-सोळा ही हाताशी असलेल्या मुलांची संख्या होती, प्रत्यक्ष गाणाऱ्यांची नव्हे, असं त्याचं म्हणणं. यावर अजून वाद चालू आहे. मला रिफकिनचे पुरावे वजनदार वाटतात, पण आपल्यासारख्या हौशी कॉयरमध्ये एकेकट्याला उभं करणं निष्ठुरपणा होईल.

या मोटेटला पाच आवाज लागतात: दोन सोप्रानो (सगळ्यात उंच), आल्टो (त्याखालचा), टेनर (पुरुषांचा उंच) आणि बास (सगळ्यात खालचा). आवाजागणिक तीन धरले तर पंधरा. तुमच्याकडे चाळीस जण असतील तर कुणालाही घरी पाठवू नका. अकरा भागांतले सहा भाग योहान फ्रांकच्या भजनाची कडवी आहेत. त्यातले पहिला, सातवा आणि अकरावा हे भाग चार आवाजांत आहेत, तिथे सगळ्यांना गाऊ द्या. मधले पाच भाग बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली वचनं आहेत, त्यातले चौथा आणि आठवा हे तीन आवाजांचे भाग. ते एकेका गायकाला द्या. बाकीचे भाग पंधरा जणांच्या छोट्या गटाला. सगळे आणि थोडके यांची अशी आलटापालट बरोक संगीतात मुरलेली आहे.

प्रत कुठली घ्यावी

आपल्या बऱ्याच कॉयरच्या कपाटात जुन्या छापील प्रती असतात. त्यांत ठिकठिकाणी आवाज वाढवण्याच्या आणि कमी करण्याच्या खुणा, जोडरेषा, 'हळुवार', 'भव्य' अशा सूचना भरलेल्या असतात. त्यातलं बहुतेक सगळं नंतरच्या संपादकांनी घातलेलं आहे. या मोटेटची बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही, ते नकलांमधूनच आपल्यापर्यंत आलं आहे. त्यामुळे मूळ नकला तपासून काढलेली आवृत्ती घ्या, बेरेनरायटर किंवा कारुस या प्रकाशकांची चालेल. प्रती हातात आल्यावर आधी पेन्सिली वाटा.

पेन्सिली कशासाठी, ते पुढच्या पायरीत. हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळे तीच गाळतात.

आधी बोला, मग गा

पहिल्या दोन तालमींत एकही सूर गाऊ नका. मजकूर मोठ्याने वाचा. प्रत्येक शब्दाचा जोर असलेल्या अक्षरावर पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि सोडायच्या अक्षरावर छोटा अर्धचंद्र काढा. 'माइ-नऽ' मध्ये रेघ 'माइ'वर. 'हेर्त्सन्स' (हृदयाचं) मध्ये 'हेर्त्स'वर. जर्मनमध्ये शेवटची 'ए', 'एन' अशी अक्षरं जवळजवळ नेहमी अर्धचंद्राची. मग या खुणा पाळून, तालात, पण सुराशिवाय म्हणायला लावा. पाच-सात वेळा झालं की ओळीला आपोआप चढउतार येतो. मग सूर लावा. खुणांप्रमाणे नैसर्गिक आलं तर उत्तम. सूर लावताच पुन्हा सगळं सपाट झालं तर परत बोलण्यावर या.

उच्चारांत मराठी माणसाला काही गोष्टी जन्मतः मिळालेल्या आहेत. जर्मन 'झेड' म्हणजे आपल्या 'चोर', 'चमचा', 'चांदणं' यातला च. इंग्रजी वळणाच्या कॉयरना तो शिकवावा लागतो, आपल्याला नाही. 'त्सीर' (शोभा) म्हणताना हाच च लावा. 'निष्त्स' (काहीही नाही) मधलं व्यंजन मात्र 'ष' नव्हे. 'ह्याला' म्हणतानाचा ह्य नुसता कुजबुजत म्हणून बघा, तो अगदी जवळचा आहे. 'आख' मधला ख गझलेतल्या 'ख़त'सारखा घशातून. आणि आपली एक खोड सोडावी लागते: ट आणि ड. इंग्रजीतून आलेल्या सवयीने आपण 'फ्रॉयडऽ', 'गूटऽ' म्हणतो. जीभ मागे वळली की शब्द जाड होतो. दातांवरचे त आणि द वापरा. एवढ्याने निम्मा जडपणा जातो, हे मी कितीतरी वेळा ऐकलं आहे.

व्यंजन मात्रेच्या आधी यायला हवं, स्वर मात्रेवर. पाचव्या भागाची सुरुवात 'त्रॉत्स' या शब्दाने होते, म्हणजे 'तुला न जुमानता', जुन्या अजगराला उद्देशून. 'त्र' मात्रेवर आला तर सगळ्यांचा 'ऑ' उशिरा आणि पुढेमागे पडतो. 'त्र' आधीच तयार ठेवा, टाळी पडताच 'ऑ' फुटला पाहिजे.

मात्रांचं वजन

बाखचा नातेवाईक योहान गोटफ्रीड वाल्टर याने १७३२ च्या आपल्या संगीतकोशात सुरांची 'बाहेरची' आणि 'आतली' लांबी असा भेद सांगितला आहे. कागदावर सारखे दिसणारे सूर गाताना सारखे नसतात, हा त्याचा मुद्दा. तबला ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्रितालाची सम आणि खाली यांचं वजन एक नसतं, हे आपल्या अंगात आहे. चार मात्रांच्या मापात पहिली भरीव, तिसरी त्याहून कमी, दुसरी आणि चौथी उचललेली. पाचव्या भागासारख्या तीन मात्रांच्या मापात एकच टाळी द्या. निर्देशकाने तीन वेळा हात हलवला की कॉयर तीन पावलं टाकतो आणि चिखलातून चालल्यासारखं होतं.

पण एक सावधानी. मात्रेचं वजन आणि शब्दाचं वजन भांडले तर शब्द जिंकतो. दुसऱ्या भागात 'एस इस्त नून निष्त्स' म्हणताना 'निष्त्स' पुन्हा पुन्हा येतो आणि मध्ये विश्रांती आहे. ख्रिस्तात असलेल्यांना आता काहीच दोष नाही, हे ते वचन. त्या विश्रांतीत श्वास घेऊ नका, मोजू नका, थांबून राहा. शांतता हाही 'काहीच नाही'चाच भाग आहे.

लांब सूर, टोचणारे सूर

बरोक गायकीत लांब सूर पाटासारखा सपाट नसतो. तो बारीक सुरू होतो, मध्यापर्यंत फुलतो आणि परत निमुळता होतो. प्रत्येक लांब सुरावर हे करू नका, ते कृत्रिम वाटतं. पण जिथे एक आवाज धरून ठेवलेला सूर दुसऱ्या आवाजाला टोचतो आणि मग खाली उतरून मोकळा होतो, तिथे टोचण्याच्या जागी आवाज वाढवा आणि मोकळं होताना सोडा. पेन्सिलीने टोचण्याच्या जागी बाणाची खूण करून ठेवा. सगळ्यात जास्त भावना या जागांवर असते. नुसता शेवटचा सूर सोडायला शिकलेला कॉयर एका आठवड्यात ओळखू येत नाही इतका बदलतो.

व्हायब्रेटोबद्दल लोक भांडतात. माझं मत साधं आहे: आवाजाचा कंप हा अलंकार आहे, पाया नव्हे. लेओपोल्ड मोत्सार्टने १७५६ च्या व्हायोलिनच्या ग्रंथात प्रत्येक सुरावर हात थरथरवणाऱ्या वादकांबद्दल लिहिलं आहे की त्यांना कायमचा ताप आलेला असावा. गायकांना 'कंप बंद करा' असं सांगू नका, ते गळा आवळतात. त्याऐवजी दोघा-दोघांना समोरासमोर उभं करा आणि एकच सूर धरायला लावा. दोघांचा आवाज एकजीव होईपर्यंत थांबा. कंप आपोआप कमी होतो, आणि गळा मोकळा राहतो.

सूर लावण्यासाठी पियानो नको

इथे आपल्याकडे एक गोष्ट आहे जी लाइपझिगमध्येही नव्हती: तानपुरा. पियानोचा मेजर तिसरा सूर शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तानपुरा नीट लावला की तारांतून गंधार आपोआप उमटतो, आपण त्याला स्वयंभू म्हणतो. तो शुद्ध असतो, आणि शुद्ध गंधारावर उभा राहिलेला कॉर्ड (एकत्र लागलेले सूर) दाबून गावा लागत नाही, तो स्वतःच वाजतो. आमच्या आल्टोतल्या एका ताई घरचा मिरजेचा तानपुरा घेऊन आल्या. त्यांनी बासला सा, टेनरला पंचम आणि बाकीच्यांना गंधार लावायला सांगितला. सोप्रानो आधी पियानोच्या सवयीने वर होत्या. त्या हळूहळू उतरल्या आणि एका क्षणी खोलीत आवाज एकदम मोठा झाला. कुणीच जोर वाढवला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

मायनर कॉर्डमध्ये उलट. शुद्ध कोमल गंधार पियानोपेक्षा किंचित वर असतो. हे मोटेट ई मायनरमध्ये आहे, तेव्हा बऱ्याच वेळा तिसऱ्या सुराला थोडं वर उचलावं लागतं. संपूर्ण भाग तानपुऱ्यावर गाऊ नका, बाखचा सा सतत सरकत असतो. फक्त ओळींच्या शेवटचे कॉर्ड एकेक करून धरा.

पट्टीही खाली घ्या. आज बरोक वाद्यवृंद सहसा ए सूर ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली. आपल्या भाषेत पांढरी तीनऐवजी काळी दोन. सोप्रानोंना वर चढताना किंचाळावं लागत नाही आणि जर्मन स्वर मोकळे राहतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण एक पायरी खाली केलं की झालं.

साथ

या मोटेटला वेगळी वाद्यं लिहिलेली नाहीत, म्हणून ते वाद्यांशिवाय गायची पद्धत पडली. पण बाखने १७२९ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेच्या मुख्याध्यापकांच्या अंत्यविधीसाठी रचलेल्या 'देर गाइस्त हिल्फ्त' या मोटेटचे वाद्यांचे कागद टिकले आहेत. त्यात तंतुवाद्यं एका कॉयरच्या आणि फुंकवाद्यं दुसऱ्या कॉयरच्या सुरांवर चालतात, खाली ऑर्गन. म्हणून छोटा ऑर्गन आणि एक चेलो घ्यायला हरकत नाही. कीबोर्ड असेल तर चर्चच्या भल्यामोठ्या ऑर्गनचा आवाज निवडू नका, बासरीसारखा एकच साधा स्टॉप पुरे. चेलोवाल्याला सांगा की गज थोडा वरच्या बाजूने धरा, सूर सोडत वाजवा, ओढत नको. नवव्या भागात, 'गूतऽ नाख्त'मध्ये, बास गप्प असतो. खालची बाजू टेनर सांभाळतो आणि भजनाची चाल आल्टोकडे असते. तिथे चेलोही थांबू द्या. जगाला शुभरात्री म्हणताना पायाखालची जमीन काढून घेतलेली आहे, ती आपण परत भरू नये.

काही भागांबद्दल

सहावा भाग मधोमध आहे आणि फ्यूग आहे, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात. तुम्ही देहाचे नाही, आत्म्याचे आहात, असं ते वचन. 'फ्लाइशलिष' (देहाचं) ला बाखने जमिनीवर ठेवलं आणि 'गाइस्तलिष' (आत्म्याचं) ला लांब ताना दिल्या. ती तान 'ह-ह-ह' करत तोडू नका, आणि घसटतही नेऊ नका. आपल्याकडे दाणेदार तान म्हणतात तशी, प्रत्येक दाणा वेगळा आणि दोरा एकच. फ्यूगमध्ये दुसरा नियम: तुमची सुरुवात झाली की बाजूला व्हा. नवा आवाज आत येताना तो ऐकू आला पाहिजे, म्हणजे आधीच्या चौघांनी जागा द्यायची. सगळेच आपापली ओळ शेवटपर्यंत मिरवत राहिले की फ्यूगची मंडई होते.

सातव्या भागात खालचे आवाज 'वेक, वेक' (दूर हो, दूर हो) म्हणतात, वर सोप्रानो शांतपणे चाल गातात. दोघांनी एकमेकांचा स्वभाव घ्यायचा नाही. पाचव्या भागात जगाचा धिंगाणा आहे, मग 'मी इथे उभा आहे आणि गातो आहे, पूर्ण निवांत'. तिथे फक्त जोर काढून घ्या, लय कमी करू नका. दहावा भाग दुसऱ्याचंच संगीत परत आणतो, तेव्हा तो कमी वेळात बसतो.

एक तालीम अशी करा की कुणाच्याही हातात पूर्ण प्रत नसेल, फक्त स्वतःच्या आवाजाचा कागद. बाखच्या काळात गायक असेच गात. १७८९ मध्ये मोत्सार्ट लाइपझिगला गेला, तिथे सेंट थॉमस शाळेच्या मुलांनी त्याला बाखचं दुसरं एक मोटेट ऐकवलं. पूर्ण प्रत नव्हतीच, म्हणून त्याने सुटे कागद गुडघ्यांवर आणि खुर्च्यांवर पसरून वाचले, अशी आठवण नोंदलेली आहे. दुसऱ्यांची ओळ डोळ्यांना दिसत नाही तेव्हा कान उघडतात.

कार्यक्रमाची जागा

लाइपझिगच्या चर्चमध्ये लाकडी गॅलऱ्या आणि माणसांनी भरलेली बाकं होती, त्यामुळे आवाज लवकर विरायचा. जुन्या गोव्याच्या उंच दगडी चर्चमध्ये मात्र एक सूर कितीतरी वेळ फिरत राहतो. तिथे गाणार असाल तर फ्यूग थोडा सावकाश घ्या, सूर आणखी छोटे सोडा आणि ओळींच्या मधल्या विश्रांतीला पूर्ण वेळ द्या. पडदे असलेल्या सभागृहात उलट. अर्धवर्तुळात उभे राहा, दोन्ही सोप्रानो एकमेकांजवळ नकोत, तीन बास एकत्र नकोत. पंधरा जण एकमेकांत मिसळून उभे राहिले तर शेजारच्याच्या आधाराने गाता येत नाही, आणि तेच हवं आहे.

शेवटचा, अकरावा भाग म्हणजे पहिल्याचीच चाल आणि मांडणी, नवीन शब्द. दुःखातही तू राहतोस, असं म्हणत तो पुन्हा 'येझु, माइनऽ फ्रॉयदऽ' वर येतो. या वेळी 'दऽ' सगळ्यात लांब आहे, त्यानंतर काहीच नाही. तो वाढवू नका. 'फ्रॉय'वर जे काही आहे ते द्या, 'दऽ' श्वासाच्या आधारावर नुसता धरा आणि पातळ होऊ द्या. निर्देशकाने हात लगेच खाली घेऊ नये. भिंतींतून आवाज पूर्ण निघून गेल्यावर घ्यावा.